सूर्योदयापासून उलटं मोजायचं : सोलापूरहून माउंट केनिया

माउंट केनियाच्या लेनाना टोकावर बाराही महिने सकाळी सहा ते पावणेसातच्या दरम्यान सूर्य उगवतो. विषुववृत्त अगदी शेजारून जातं, त्यामुळे ऋतू बदलला तरी दिवस फारसा लहानमोठा होत नाही. आठ-नऊ वाजले की खालच्या जंगलातली ओल तापून वर सरकायला लागते आणि दहाच्या आत बहुतेक दिवशी माथा ढगात जातो. एवढ्या लांब जाऊन, एवढा खर्च करून देखावा हातात येतो तो जेमतेम दोन-अडीच तास. म्हणून या चढाईचं नियोजन सोलापुरातून पुढे न मोजता त्या सूर्योदयापासून मागे मोजायचं. किती वाजता निघायचं, आधीच्या रात्री कुठे झोपायचं, त्याच्या आधी किती रात्री डोंगरावर काढायच्या, कोणत्या महिन्यात जायचं, सगळी उत्तरं त्यातच मिळतात.

आधी डोंगराविषयी. हा विझलेला ज्वालामुखी आहे, झोपलेला नव्हे. त्याचे शेवटचे उद्रेक साधारण २६ लाख वर्षांपूर्वीचे. वर गेल्यावर कढईसारखं मुख दिसेल अशी अपेक्षा ठेवली तर निराशा होते, कारण मुख केव्हाच झिजून गेलंय. एके काळी हा डोंगर ६,००० मीटरहून उंच असावा असं भूवैज्ञानिक मानतात. बाहेरचा राखेचा आणि लाव्ह्याचा भाग हिमनद्यांनी खरवडून नेला आणि लाव्हा वर यायच्या नळीत थिजलेला कठीण दगड तेवढा उभा राहिला. तेच आजचे दोन सुळके, बाटियन (५,१९९ मीटर) आणि नेलिऑन (५,१८८ मीटर). बाटलीचं काच फुटून गेलं आणि आतलं बूच तसंच उभं राहिलं, असं समजा. या दोन्हींवर दोर लावून कातळारोहणच करावं लागतं. तिसरं टोक लेनाना, ४,९८५ मीटर. तिथे मात्र चालत जाता येतं, आणि या दोन सुळक्यांचं सर्वांत जवळचं दर्शन होतं तेही तिथूनच. स्वतः सुळक्यावर उभं राहिलं तर सुळका दिसत नाही, हे इथे शब्दशः खरं आहे.

सोलापूरकराला ज्वालामुखी परका नाही, फक्त तो उभा नाही, आडवा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्याकडे लाव्हा जमिनीच्या भेगांतून ओघळला आणि थरावर थर पसरत गेला. आपली काळी रानं त्याच दगडाची माती. केनियात मात्र तो एकाच नळीतून पुन्हा पुन्हा वर आला आणि शंकू झाला. आपल्या अडचणीचं मूळही त्यातच आहे: साडेचारशे मीटरवरच्या सपाट, तापलेल्या गावात चढ मिळत नाही आणि थंडीही.

कोरडे महिने दोनदा येतात, जानेवारी-फेब्रुवारी आणि जुलै ते सप्टेंबर. मार्चच्या मध्यापासून मेपर्यंत मोठा पाऊस, ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर छोटा. सोलापूरकरांसाठी फेब्रुवारी सोयीचा. गड्डा यात्रा आटोपलेली असते आणि आपला उन्हाळा पेटलेला नसतो, म्हणजे डिसेंबर-जानेवारीचा सराव थंड पहाटे होतो. जमलं तर माघी पौर्णिमेच्या आगेमागे माथ्याची रात्र यावी अशी तारीख धरा. चांदण्यात घसाऱ्यावरची वाट डोक्यावरच्या दिव्याच्या गोलापलीकडेही दिसते आणि पाऊल कमी चुकतं.

कागदपत्रांत दोन गोष्टी चुकतात. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसा बंद करून ऑनलाइन प्रवासपरवाना सुरू केला. तो निघायच्या आदल्या दिवशी मिळेल या भरवशावर राहू नका, दोन-तीन आठवडे आधी अर्ज टाका. दुसरं, पीतज्वराची लस. ती मुंबईतल्या अधिकृत केंद्रात घेता येते, वेळ आधी ठरवावी लागते आणि प्रवासाच्या किमान १० दिवस आधी टोचलेली असावी लागते. आयुष्यात एकदाच पुरते. अंड्याची ॲलर्जी असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. लस घेतल्याचा दाखला म्हणजे पिवळं कार्ड. ते नसलं तर जाताना एखाद वेळी निभावतं, अडतं ते परत येताना. भारतात उतरल्यावर सहा दिवस विलगीकरणात ठेवू शकतात.

आता पाय. शेवटच्या रात्रीचा चढ ४,२०० मीटरपासून ४,९८५ पर्यंत, म्हणजे ७८५ मीटर. एक मजला साधारण तीन मीटरचा धरला तर हे २६० मजले झाले. पाच मजली इमारतीचा जिना तळापासून गच्चीपर्यंत बावन्न वेळा. एका दिवसात एवढं करायची गरज नाही. आठवड्यातून तीनदा वीस-वीस फेऱ्या, पाठीवर सहा-सात किलो, आणि हे किमान दहा आठवडे. सिद्धेश्वर तलावाभोवती रोज सहा किलोमीटर भरभर चालणारे पुष्कळजण जिन्याच्या दहाव्या फेरीला बसतात, कारण सपाटीवरच्या चालण्यात मांडीचे स्नायू जवळजवळ कामालाच लागत नाहीत. आणि उतरताना लिफ्ट वापरायची नाही. उतरणीला मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, ती सवय उतरूनच लागते. डोंगरावर पाय धरतात ते चढून नव्हे, उतरून, आणि तेही दुसऱ्या दिवशी.

महिन्यातून एकदा खरा चढ हवाच. हुतात्मा एक्स्प्रेसने पुणे गाठायचं आणि सिंहगड आतकरवाडीतून चढायचा, शक्य तर लागोपाठ दोनदा. राजगड-तोरणा जोडून केला तर उत्तमच. तुळजापूरचा घाट पहाटे पायी चढून उतरणं हा जवळचा पर्याय. चढ सौम्य आहे, पण नसण्यापेक्षा बरा. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा: यातल्या कशानेही विरळ हवेची सवय होत नाही. कळसूबाईसुद्धा १,६४६ मीटरच. सराव पायांचा होतो, फुप्फुसांना जे शिकायचं ते डोंगरावरच शिकतात.

बूट निघण्याच्या दोन महिने आधी घ्या, संध्याकाळी पाय सुजलेले असताना, जाड मोजे घालून, नेहमीपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठे. टाच घट्ट आणि बोटांपुढे अंगठाभर जागा. उतरताना बोटं पुढे आदळून नखं काळी पडतात ती याच जागेअभावी, म्हणून नखंही आदल्या दिवशी कापायची. सगळ्यांत फसवे बूट म्हणजे कपाटात चार-पाच वर्षं ‘नवेच’ पडून असलेले. वरचं चामडं चकाचक दिसतं, पण तळव्याच्या आतला फेसासारखा थर हवेतल्या ओलीने हळूहळू कुजलेला असतो. वापरात नसला तरी कुजतो. टाचेच्या वर, तळ आणि चामडं जुळतात त्या रेषेवर अंगठ्याच्या नखाने दाबून पाहा. भुगा सुटला किंवा बारीक भेगा उघडल्या तर ते बूट घराबाहेर काढू नका. असा तळ सपाटीवर सुटत नाही, चढाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अख्खा उघडून लोंबतो. तरीही कुणावर ती वेळ येतेच, म्हणून सॅकमध्ये दोन मीटर पातळ दोरी आणि चिकटपट्टी ठेवावी.

कपड्यांत सुती काहीच नको, बनियनसुद्धा. घामाने भिजलेलं सूत वाळत नाही आणि थांबलात की अंगावर बर्फासारखं बसतं. अंगालगत थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर पिसांचं जाकीट, सगळ्यांवर वाऱ्यापावसाचं. हातमोज्यांचे दोन जोड, आतला पातळ आणि बाहेरचा जाड. स्लीपिंग बॅग उणे दहा अंशांची. थर्मल आणि जाकिटं पुण्यात भाड्यानेही मिळतात. आणि हो, सोलापुरी चादर. ती मुंबईच्या गाडीत पांघरा, तिथे तिला तोड नाही. डोंगरावर नेऊ नका, वजनाला भारी आणि एकदा ओली झाली की उपयोगही संपला.

खाण्याच्या बाबतीत मात्र आपण पुढे आहोत. उंचीवर भूक मरते, गोड नकोसं होतं, स्वयंपाक्याने केलेलं मिळमिळीत सूप ढवळत बसायची वेळ येते. अशा वेळी शेंगाचटणी आणि कडक भाकरी कामाला येते. कडक भाकरी पंधरा-वीस दिवस टिकते, वजन कमी, पण कोरडीच खाल्ली तर उंचीवरच्या सुकलेल्या घशाखाली उतरत नाही. सूपमध्ये कुस्करा, वर चटणी टाका. माणशी आठ भाकऱ्या आणि पाव किलो चटणी पुरते. बांधणी मात्र बदलावी लागते. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरी बॅगवर बंदी आहे आणि जून २०२० पासून राष्ट्रीय उद्यानांत एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्या, पेलेही चालत नाहीत. म्हणून चटणी स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, भाकऱ्या जाड कागदात गुंडाळून कापडी पिशवीत, पाणी धातूच्या किंवा पक्क्या पुनर्वापराच्या बाटलीत. स्वयंपाक्याकडे कुकर आहे का ते आधीच विचारून घ्या. ४,२०० मीटरवर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजत नाही.

सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रीत मुंबई, तिथून विमानाने नैरोबी. थेट विमान असेल तर सहा तास. घड्याळ अडीच तास मागे घ्या. नैरोबीहून नान्युकी साधारण २०० किलोमीटर, गाडीने चार तास. नान्युकी १,९०० मीटरहून उंच, तिथे एक रात्र काढलेली फायद्याचीच. डोंगर राष्ट्रीय उद्यानात येतो. त्या उद्यानाचं शुल्क रोखीने घेत नाहीत, ते सरकारी संकेतस्थळावर ऑनलाइन भरावं लागतं. ते काम गाइडकडून नान्युकीतच उरकून पावती फोनमध्ये ठेवा, फाटकावर नेटवर्कची खात्री नसते. गाइडशिवाय एकट्याने जाऊ देत नाहीत. हमालाकडे द्यायची पिशवी १२ किलोच्या आत बसवा.

वाटा तीन प्रचलित आहेत: सिरिमोन, नारो मोरू आणि चोगोरिया. नारो मोरू जवळची, पण तिच्यावर ‘उभी दलदल’ म्हणून ओळखला जाणारा चिखलाचा चढ आहे आणि ती लवकर उंच नेते. आमचं मत ठाम आहे: चढताना सिरिमोन, उतरताना चोगोरिया. सिरिमोन कोरडी आणि सावकाश चढणारी, चोगोरिया देखण्यात सर्वांत सरस.

सिरिमोन फाटक २,६५० मीटरवर. तिथून ओल्ड मोझेस निवारा (३,३०० मीटर) नऊ किलोमीटर, जीपच्या रस्त्याने तीन-चार तास. हा दिवस इतका सोपा जातो की माणूस फसतो. दुसऱ्या दिवशी १४ किलोमीटर चालून शिप्टन कॅम्पला, ४,२०० मीटरला पोचायचं आणि त्याच रात्री माथ्याला निघायचं, असा तीन-चार दिवसांचा कार्यक्रम सर्रास विकला जातो. पाय साथ देतात, डोकं देत नाही. ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये हा डोंगरातला साधा नियम, आणि इथे एका दिवसात ९०० मीटर वाढते. लेनानाच्या अलीकडून परत फिरणाऱ्यांपैकी बहुतेकांचं कारण हेच असतं.

म्हणून दोन रात्री जास्तीच्या मागून घ्या. ओल्ड मोझेसला दोन रात्री: मधल्या दिवशी ३,७००-३,८०० मीटरपर्यंत चढून परत खाली झोपायचं. शिप्टनलाही दोन रात्री: मधल्या दिवशी ४,५०० मीटरच्या आसपास जाऊन यायचं, वर तासभर बसायचं आणि उतरायचं. तंबू असतील तर मध्ये लिकी नॉर्थला, सुमारे ४,००० मीटरवर, एक रात्र काढणं त्याहून चांगलं. खर्च वाढतो, कबूल. पण वाचवलेले पैसे शिप्टनच्या खाटेवर डोकं धरून पडायच्या कामी येतात.

चालायचा वेग म्हणजे शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल एवढा. गाइड सारखे ‘पोले पोले’ म्हणत राहतात. आपल्याकडचं ‘दमानं घ्या’ म्हणजे नेमकं तेच. दिवसाला तीन-चार लिटर पाणी. डोकं जड होणं, झोप तुटक लागणं, जेवण नकोसं होणं हे बहुतेकांना होतं. पण गोळी घेऊनही न थांबणारी डोकेदुखी, वारंवार उलट्या, सरळ रेषेत चालता न येणं, बसल्या जागी धाप किंवा फेसाळ खोकला, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट पाहायची नाही, त्याच वेळी खाली उतरवायचं. उंचीचा त्रास टाळायची गोळी, डायमॉक्स, डॉक्टरांना विचारूनच, सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांना चालत नाही. बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला वारंवार लागते. त्याला घाबरून पाणी कमी करणं ही नेहमीची चूक.

दुसरी चूक खास आपली. ‘आम्ही सोलापूरचे, आम्हाला उन्हाची सवय आहे.’ तिथलं ऊन गरम लागतच नाही, गार वाऱ्यात बरंच वाटतं, आणि संध्याकाळी नाक आणि कान सोलून निघतात. विषुववृत्त आणि त्यात पाच हजार मीटर, मध्ये हवा अर्धीच. सनस्क्रीन दर दोन तासांनी, ओठांनाही काहीतरी आणि काळा चष्मा.

ओल्ड मोझेस ते शिप्टन हा दिवस सर्वांत रमण्यासारखा. लिकी नॉर्थचा ओढा ओलांडून धार चढली की मॅकिंडर दरी उघडते आणि समोर थेट बाटियन. इथली झाडं थांबून पाहा. माणसाच्या दुप्पट उंचीचे सेनेशिओ वाळलेली पानं गाळत नाहीत, खोडाभोवती तशीच पांघरून ठेवतात. थंडीपासून बचाव. जमिनीलगत कोबीच्या गड्ड्यासारखा दिसतो तो लोबेलिया. त्याच्या पानांच्या वाटीत पाणी साठलेलं असतं. सकाळी वाकून बोट लावलंत तर वर काचेएवढी पातळ पापडी, ती मोडली की खाली पाणीच. रात्री वरचं पाणी गोठतं, पण मधला कोंब त्या पाण्याखाली गोठण्यापासून वाचतो. दिवसा उन्हाळा आणि रोज रात्री हिवाळा अशा जागी राहायची ही त्याची सोय.

माथ्याची रात्र. शिप्टनहून लेनानाला साडेतीन ते चार तास लागतात, म्हणून अडीचला निघायचं, गट सावकाश असेल तर दोनला. त्याहून लवकर निघणं हीसुद्धा चूकच. पाचला पोचलात तर उणे पाच-दहा अंशांच्या वाऱ्यात तासभर कुडकुडत बसावं लागतं आणि सूर्य उगवायच्या आतच निम्मे लोक उतरायला लागतात. डोक्यावरच्या दिव्याचे सेल, फोन आणि पॉवर बँक रात्रभर स्लीपिंग बॅगमध्ये अंगाशी ठेवा. गारठ्याने बॅटरी अचानक मान टाकते. पाण्याची बाटली सॅकमध्ये उलटी ठेवा, बर्फ वरच्या बाजूला धरतो म्हणजे झाकणाकडचं पाणी मोकळं राहतं. पाणी प्यायची नळीवाली पिशवी असेल तर दर घोटानंतर नळीत फुंकून पाणी मागे ढकला, नाहीतर नळीच गोठते. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. सगळे थर चढवून निघालं की वीस मिनिटांत घाम, आणि मग तोच घाम गोठवतो.

पहिला भाग घसाऱ्याचा. दोन पावलं वर, एक पाऊल मागे. रात्री तो गोठून बसलेला असतो म्हणून पाय धरतो. ऊन लागलं की सैल होतो आणि वरून दगड सुटायला लागतात, अंधारात चढायचं हेही एक कारण. काठ्या टेकवत, छोटी पावलं, तासाला २०० मीटर उंची मिळाली तरी भरपूर. हॅरिस टार्न हे छोटं तळं आलं की मोठा चढ संपत आला. तिथून खडक सुरू होतो. काठ्या सॅकला अडकवा आणि हात मोकळे ठेवा. माथ्याजवळ खडकात पोलादी तारदोर बसवलेला आहे. लोकरी मोज्यांनी तो धरला तर हात घसरतो, तळव्याला रबर किंवा चामडं असलेलेच मोजे हवेत.

वर पोचलात की आधी जाकीट घाला, फोटो नंतर. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ५५ टक्के, वाकून बुटाची नाडी बांधली तरी धाप लागते. पूर्वेला उजाडत असतं, पण पाहायचं असतं पश्चिमेला. पहिलं ऊन नेलिऑनच्या टोकावर पडतं आणि खाली सरकत येतं, राखाडी दगड आधी तांबडा, मग विटकरी. नेलिऑन आणि बाटियन यांच्यामधली फट म्हणजे ‘धुक्याची दारं’. पायथ्याशी लुईस हिमनदीचे उरलेसुरले तुकडे, दरवर्षी आणखी लहान. त्यांच्यापलीकडे, सपाटीवर, डोंगराची स्वतःची सावली त्रिकोणी पसरलेली असते आणि मिनिटामिनिटाला आखडत येते. हा त्रिकोण पंधरा-वीस मिनिटंच नीट दिसतो, बहुतेक लोक तेव्हा सूर्याकडे तोंड करून सेल्फी काढत असतात. हवा खरोखर स्वच्छ असेल तर दक्षिणेला तीनशेहून अधिक किलोमीटरवर किलिमांजारोचा सपाट माथा ढगांवर ठेवल्यासारखा दिसतो.

साडेसातच्या आत उतरायला लागा. चोगोरियाच्या बाजूने हॉल टार्न्सच्या तळ्यांशी आलात की कडा तुटतो आणि खाली गॉर्जेस दरीत मायकेलसन सरोवर. आमच्या लेखी हा देखावा माथ्याच्या तोडीस तोड आहे, आणि अकराच्या आत गाठला तर मोकळा मिळतो. काठापासून दोन मीटर मागेच राहा, थकलेल्या पायांचा भरवसा धरू नये. त्याच दिवशी चोगोरिया फाटकापर्यंत जायचं म्हटलं तर सुमारे २,००० मीटरची उतरण होते. करता येते, पण गुडघे दोन दिवस बोलतात. मध्ये लेक एलिसजवळ मुक्काम टाका. काठ्या उतरणीला पाच-दहा सेंटीमीटर लांब करा, बूट नाडीने घोट्याशी पुन्हा घट्ट बांधा, गुडघा कधीही पूर्ण सरळ करून पाऊल टाकू नका. फाटकाच्या खालचा जंगलातला रस्ता चिखलाचा आहे, गाडी चारही चाकं चालणारीच ठरवलेली असावी.

नैरोबीत ओले कपडे आणि बूट एक दिवस वाळवूनच सामान बांधा. पिवळं कार्ड मोठ्या बॅगेत न टाकता पासपोर्टच्या आत ठेवा, मुंबईला उतरल्यावर ते इमिग्रेशनच्याही आधी मागतात.